भट्टीवरचे घर आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण

गेल्या महिन्यात या सदरात अपुऱ्या दिवसांच्या बाळांविषयी लिहिताना शिसे, कॅडमियम यांसारख्या जड धातूंचा उल्लेख मी एका वाक्यात उरकला होता. त्या एका वाक्यावर आलेली पत्रे बाकीच्या सगळ्या लेखावर आलेल्या पत्रांहून अधिक निघाली. त्यांतली चार पत्रे, थोडी संक्षिप्त करून, या वेळी घेत आहे. पहिल्या पत्राला जास्त जागा दिली आहे, कारण सांगली-साताऱ्याकडच्या कितीतरी घरांचा तो प्रश्न आहे.

प्रश्न : आमचा गलाईचा, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याचा व्यवसाय आहे. लग्नानंतर आठ वर्षे आम्ही तमिळनाडूतल्या एका गावात राहिलो. खाली दुकान आणि भट्टी, वर आमच्या दोन खोल्या. पहिला मुलगा तेहतिसाव्या आठवड्यात झाला, वजन एक किलो सातशे ग्रॅम, एकोणीस दिवस पेटीत होता. आता तो चार वर्षांचा आहे. मला पुन्हा दिवस गेले आहेत, चौदावा आठवडा सुरू आहे. पाच महिन्यांपासून मी विट्यात सासूबाईंजवळ राहते; पती दुकान सांभाळतात आणि अधूनमधून येऊन जातात. पहिल्या वेळी भट्टीमुळेच बाळ लवकर आले का? आता मी तिथे नाही, म्हणजे धोका टळला का? अंगातले शिसे बाहेर काढणारे औषध एका नातेवाइकांनी सुचवले आहे, ते घ्यावे का? सासूबाई म्हणतात की, त्यांची तिन्ही बाळंतपणे भट्टीच्या घरातच झाली आणि काही बिघडले नाही.
– एक वाचक भगिनी, विटा

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न सर्वांत अवघड आहे, म्हणून आधी तोच घेते. पहिले बाळ भट्टीमुळेच लवकर आले, असे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकणार नाही. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला आपण अपुऱ्या दिवसांचे म्हणतो. त्यामागे जंतुसंसर्ग, वाढलेला रक्तदाब, जुळी बाळे, गर्भाशयाच्या मुखाचा कमकुवतपणा अशी अनेक कारणे असतात आणि पुष्कळदा नेमके कारण सापडतही नाही. भारतात २०२० या एका वर्षात सुमारे ३० लाख बाळे अशी लवकर जन्मली, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या घराखाली भट्टी नव्हती. म्हणून ‘मी तिथे राहिले म्हणून असे झाले’ हा सल मनातून काढून टाका. तिथे राहणे ही तुमची चूक नव्हती.

मात्र सिद्ध करता येत नाही म्हणून संबंधच नाही, असेही समजू नका. दक्षिण ऑस्ट्रेलियात पोर्ट पिरी नावाचे शिशाच्या कारखान्याचे गाव आहे. तिथल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तातले शिसे मोजून केलेला अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. रक्तात प्रति डेसिलिटर १४ मायक्रोग्रॅमहून अधिक शिसे असलेल्या स्त्रियांमध्ये लवकर प्रसूती होण्याचा धोका, ८ किंवा त्याहून कमी शिसे असलेल्यांच्या तुलनेत चौपटीहून अधिक आढळला. पुढच्या सगळ्याच अभ्यासांत आकडा इतका मोठा आलेला नाही, काहींत तर संबंध पुसटच दिसतो. तरीही शिशाची अमुक मात्रा निर्धोक आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगत नाही, आणि त्यामागचे कारण शरीरशास्त्राचे आहे. शरीर शिशाला कॅल्शियमच समजते. ज्या वाटेने कॅल्शियम जाते त्याच वाटेने ते आतड्यातून रक्तात, रक्तातून हाडात आणि वारेतून (प्लॅसेंटातून) बाळाकडे जाते. वार त्याला अडवत नाही; जन्माच्या वेळी नाळेच्या रक्तात जवळजवळ आईच्या रक्ताइतकेच शिसे सापडते. शिवाय शिशामुळे आईचा रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब हे तर दिवस भरण्याआधी प्रसूती करावी लागण्याचे एक नेहमीचे कारण आहे.

आता भट्टीकडे येऊ. विटा, आटपाडी, तासगाव आणि तिकडे माण-खटाव या भागांतली माणसे देशभर गलाईचा व्यवसाय करतात, आणि या व्यवसायाबद्दल मला आदरच आहे. पण भट्टीत काय जळते हे त्या घरातल्या बायकांना सहसा कोणी सांगत नाही. सराफाच्या दुकानातला केर आणि राख यांतली चांदी-सोने ओढून घेण्यासाठी शिसे वापरतात. मग हवेचा झोत देऊन ते शिसे जाळतात आणि मागे चांदी-सोन्याची गोळी उरते. जळालेले शिसे नाहीसे होत नाही. त्यातले काही भट्टीच्या तळात मुरते आणि काही अतिसूक्ष्म धूर होऊन भिंतींवर, जिन्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. कॅडमियमची गोष्ट तर अधिकच सोपी आहे. आपण ज्याला ‘केडीएम’चा दागिना म्हणतो, त्याचा टाका, म्हणजे सांधा जोडणारा धातू, कॅडमियमचा असतो. कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते आणि सोने १०६४ अंशांना वितळते. म्हणजे मुशीतले सोने पातळ होण्यापूर्वीच टाक्यातल्या कॅडमियमची वाफ झालेली असते. हे कॅडमियम वारेत साठून राहते, बाळापर्यंत फार थोडे पोचते. पण वारेचेच काम मंदावले तर बाळाचे पोषण घटणार, हे ओघाने आले.

काही वर्षांपूर्वी एक गलाई कामगार पत्नीला घेऊन माझ्याकडे आले होते. बोलता बोलता त्यांनी खांद्यावरच्या पंचाने कपाळ पुसले आणि त्याच पंचाने मांडीवरच्या वर्षाच्या मुलीचे तोंडही पुसले. पंचा मूळचा पांढरा असावा. त्याच्या कडेला राखाडी पट्टा इतका पक्का बसला होता की, तो विणीतलाच वाटावा. धातू घरात कसा येतो, हे मला त्या पंचाने जितके नीट समजावले तितके कोणत्याही पुस्तकाने समजावलेले नाही.

तुमचा दुसरा प्रश्न, आता धोका टळला का, हा. थोडा टळला, पूर्ण नाही. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्म्यावर येते, त्यामुळे विट्यात राहिल्याचा तुम्हाला नक्कीच फायदा झालेला असणार. परंतु मोठ्या माणसाच्या शरीरातले बहुतांश शिसे हाडांत असते आणि तिथे ते वर्षानुवर्षे, कधी कधी दशकानुदशके मुक्काम करते. गरोदरपणात बाळाची हाडे घडवण्यासाठी आईच्या हाडांतून कॅल्शियम निघते, तेव्हा त्याच्याबरोबर हे जुने शिसेही पुन्हा रक्तात उतरते. म्हणून आठ वर्षांच्या त्या घराचा हिशेब तुमच्या हाडांत अजून थोडाफार शिल्लक आहे असे धरून चालावे.

तेव्हा पहिली गोष्ट म्हणजे रक्तातील शिशाची तपासणी या आठवड्यातच करून घ्या. शिरेतून घेतलेल्या रक्ताची साधी तपासणी आहे; सांगली-मिरजेतल्या मोठ्या प्रयोगशाळा रक्त घेऊन बाहेर पाठवतात. केसांची तपासणी किंवा औषध देऊन केलेली लघवीची तपासणी कोणी सुचवली तर ती करू नका, तिच्यातून निर्णय घेण्याजोगे काही हाती लागत नाही. आकडा ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आला तर शिसे कोठून येते ते शोधून थांबवावे आणि कॅल्शियम व लोह पुरेसे जाते ना ते पाहावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. आकडा ४५ किंवा त्याच्यावर गेला तरच शिसे बांधून बाहेर काढणाऱ्या औषधांचा विचार होतो, आणि तोही मोठ्या रुग्णालयात, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. तुमच्या मुलाचीही हीच तपासणी करा. लहान मुलाच्या आतड्यातून शिसे मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषले जाते, आणि तो त्या घरात रांगलेला आहे.

नातेवाइकांनी सुचवलेले औषध मात्र घेऊ नका. त्याचे नाव तुम्ही लिहिलेले नाही. पण ‘शुद्धी’साठी दिल्या जाणाऱ्या काही रसौषधींत पारा असतो, आणि नागभस्म तर शिशाचेच असते. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे वाढलेले सापडले. सहाही जणी भारतातून आलेली आयुर्वेदिक औषधे घेत होत्या. सगळे आयुर्वेदिक औषध वाईट, असे मला म्हणायचे नाही. गरोदरपणात धातूचे भस्म पोटात जाऊ नये, एवढेच म्हणायचे आहे.

त्याऐवजी कॅल्शियमच्या गोळ्या नियमित घ्या. शासकीय धोरणानुसार चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा द्यायची असते, म्हणजे तुमची सुरुवात करण्याची वेळ हीच आहे. गोळी जेवणाबरोबर घ्यावी, आणि लोहाची गोळी तिच्यापासून निदान दोन तास दूर ठेवावी, कारण दोन्ही एकत्र घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. मेक्सिको शहरात गरोदर स्त्रियांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन पाहिले, तेव्हा रक्तातले शिसे सरासरी ११ टक्क्यांनी कमी झाले. अकरा टक्के ही काही जादू नव्हे, पण स्वस्त आणि सुरक्षित उपायाने एवढे मिळत असेल तर ते सोडू नये.

पतींनी काय करावे, हे खरे तर त्यांनाच पत्र लिहून सांगायला हवे. विट्याला येताना भट्टीवरचे कपडे, चपला, पंचा तिकडेच ठेवून, डोक्यावरून अंघोळ करून निघावे. दुकानात जेवण, चहा, विडी नको. भट्टीवर धुराडे असावे आणि त्याचे तोंड छपराच्या वर निघावे. खोली कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. त्यांनी स्वतःच्या रक्तातले शिसेही तपासून घ्यावे, कारण सर्वांत जास्त शिसे त्यांच्याच अंगात असण्याची शक्यता आहे. बाळंतपणानंतर परत जायचे झाले, तर त्या दोन खोल्यांत न जाता भट्टीपासून लांब भाड्याने खोली घ्या. खर्च वाढेल हे मी जाणते. तरी या सगळ्या सल्ल्यांत मी सर्वांत आग्रहाने सांगत असलेला सल्ला हाच आहे.

आणि हे सगळे शिशाचे झाले तरी तुमच्या डॉक्टरांच्या दृष्टीने मोठी बाब आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती हीच आहे. पहिल्या वेळचे कागद त्यांना दाखवा. १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजून घ्या. ती कमी भरली तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा गर्भाशयाच्या मुखाला टाका यांचा विचार करता येतो. रक्तदाब प्रत्येक भेटीत मोजला गेलाच पाहिजे. ठरावीक अंतराने पोट कडक होणे, कंबरेत येणाऱ्या कळा, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणे यांपैकी काहीही झाले तर रात्र उलटण्याची वाट पाहू नका. १०८ ला फोन करून नवजात बालकांचा अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात जा. ३४ आठवड्यांच्या आत प्रसूतीची चिन्हे दिसली तर आईला देण्याची स्टेरॉइडची इंजेक्शने बाळाची फुप्फुसे तयार करतात, पण त्यासाठी वेळेवर पोचावे लागते.

सासूबाईंना सांगा की, त्यांची तिन्ही मुले सुखरूप वाढली याचा मलाही आनंद आहे. त्या पिढीत कोणाचे वजन किती भरले, किती आठवड्यांनी झाले, कोणते मूल राहिले नाही, हे फारसे कोणी लिहून ठेवले नाही. त्यांना शांतपणे विचारलेत तर जावा-नणंदांच्या एक-दोन आठवणी त्या स्वतःच सांगतील असे वाटते. दूध पाजण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचाराल म्हणून लिहिते : रक्तातले शिसे ४० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर बाळाला खुशाल अंगावर पाजा.

प्रश्न : आम्ही सांगलीत राहतो, म्हणजे हळदीच्या पेठेत. हळदीला चकाकी आणण्यासाठी शिशाचा रंग लावतात असे ऐकले. सुनेला सातवा महिना आहे. तिला हळद बंद करावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हळद बंद करण्याचे कारण नाही, हळद कोठून घेता ते पाहण्याचे कारण आहे. तुम्ही ऐकले ते खरे आहे. लेड क्रोमेट नावाचा झगझगीत पिवळा रंग असतो, त्यात शिसे आणि क्रोमियम दोन्ही असतात, आणि फिक्या किंवा डागाळलेल्या हळकुंडांना पॉलिश करताना तो लावल्याचे प्रकार आपल्या उपखंडात सापडलेले आहेत. बांगलादेशात ग्रामीण भागातल्या गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे का वाढले याचा माग काढता काढता संशोधक हळदीपर्यंत पोचले. २०१९ मध्ये तिथल्या बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत हा रंग निघाला. सरकारने धाडी घातल्या, दंड केले, लोकांना सांगितले, आणि २०२१ पर्यंत हे प्रमाण शून्यावर आले. इतक्या थोड्या काळात सुटलेला प्रदूषणाचा प्रश्न मला तरी दुसरा आठवत नाही.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हरिपूरची हळद साठवण्याची जमिनीखालची पेवे तर आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तेव्हा चांगला माल ओळखणारी माणसे तुमच्या गल्लीतच असतील. सुटी पूड न घेता हळकुंडे घ्या आणि गिरणीत समोर दळून घ्या. फार चमकणारे, हाताला पिवळा रंग सोडणारे हळकुंड नको. चांगल्या हळदीचा बाहेरचा रंग जरा मळकटच असतो. घरी पाहायचे असेल तर काचेच्या पेल्यात पाणी घेऊन अख्खे हळकुंड सोडा. पाणी लगेच पिवळे झाले तर ते परत करा. पूड पॅकबंद घ्यायची असेल तर परवाना क्रमांक छापलेलीच घ्या.

प्रश्न : मला लग्नाआधीपासून मिश्रीची सवय आहे. दिवसातून चार-पाच वेळा लावते. पाचवा महिना आहे. डॉक्टरांना सांगायची लाज वाटते. मिश्री भाजलेली असते, मग तिच्यातले विष जळून जात नाही का?
– नाव न देण्याच्या विनंतीवरून, सातारा जिल्हा

उत्तर : तुम्ही लिहिलेत, म्हणजे निम्मी लाज गेली. भाजल्याने तंबाखूतले निकोटीन संपत नाही, आणि धातू तर भाजल्याने जळतच नाही. उलट पाने जळून हलकी झाली की तेवढ्याच चिमटीत त्याचे प्रमाण वाढते. तंबाखूचे झाड जमिनीतले कॅडमियम पानांत ओढून घेण्यात पटाईत असते, म्हणून हे पत्र या अंकात घेतले. पण मिश्रीचे सगळे पाप कॅडमियमच्या माथी मारणे बरोबर होणार नाही. रक्तवाहिन्या आवळून वारेकडे जाणारे रक्त कमी करणारे निकोटीन हाच तिच्यातला मोठा गुन्हेगार आहे.

मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांवर केलेला अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. बिनधुराचा तंबाखू, ज्यात मिश्रीच प्रामुख्याने होती, वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यताही त्यांच्यात जास्त होती. सहा दिवस थोडे वाटतात, पण ती सरासरी आहे. कोणाचा एकही दिवस कमी होत नाही आणि कोणाचे दोन महिने जातात.

आज सोडलीत तरी उरलेल्या चार महिन्यांचा फायदा बाळाला मिळेल. सकाळची मिश्री सर्वांत अवघड जाते. त्या वेळी साध्या टूथपेस्टने दात घासून लगेच काहीतरी खा. डबी घरात ठेवू नका, आणि सासूबाई किंवा जाऊ लावत असतील तर त्यांनाही हे वाचून दाखवा. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठी मदत करणारा सरकारी क्रमांक आहे, त्यावर फोन करता येतो. डॉक्टरांना जरूर सांगा. आमच्यातल्या निम्म्या जणींच्या आज्या मिश्री लावत असत.

प्रश्न : माती आणि पाटीवरची पेन्सिल खाण्याचे डोहाळे लागले आहेत. घरचे हसतात. यात शिसे असते का? शिवाय दर शनिवारी मी मारुतीला शेंदूर लावते, तो चालेल का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : माती कोठली आहे त्यावर ते अवलंबून असते आणि ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून कोणतीच माती नको, भाजलेलीही नको. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट ही नव्हे. माती खावीशी वाटणे हे बहुधा रक्तातले लोह कमी झाल्याचे लक्षण असते, आणि लोह कमी असलेले आतडे शिसे अधिक शोषते, म्हणजे एकाच वेळी दोन्ही बाजूंनी नुकसान. हिमोग्लोबिन लगेच तपासा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तिथे गेलात तरी चालेल. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्यावर हे डोहाळे बहुतेकींचे दोन-तीन आठवड्यांत ओसरतात.

शेंदूर आणि कुंकू यांत फरक आहे. हळद आणि चुना यांच्यापासून केलेले कुंकू वेगळे. परंपरेने वापरला जाणारा शेंदूर मात्र शिसे भाजून केलेला त्याचाच तांबडा ऑक्साइड असतो. बाळंतपण होऊन बाळाचे दूध सुटेपर्यंत तुमचा शनिवार घरातल्या दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा, आणि त्यांनाही घरी आल्यावर नखांच्या खाचांतला शेंदूर साबणाने घासून काढायला सांगा.